कागदाचं नरसाळं

कृत्तिकाच्या लग्नाचा मंडप बघायला लोक आदल्या दिवसापासूनच येऊ लागले होते. शेलवडीच्या बाजारतळावर माणिकराव रोडग्यांनी धाकट्या लेकीसाठी आपलं आयुष्यभराचं कसब ओतलं होतं. लोखंडी कैच्यांच्या सांगाड्यावर बारा घुमट, मधला सगळ्यांत उंच, आणि सगळ्यांवर ताणून बसवलेलं दुधी कापड. एवढ्या पसाऱ्यात एक सुरकुती शोधून सापडली नसती. दारातच काचेच्या चौकटीत मंडपाचा नकाशा लावला होता. तो माणिकरावांनी स्वतः, जाडजूड हातकागदावर, रंगीत शाईनं काढलेला. येणारा माणूस आधी नकाशापाशी थांबायचा, मग मान वर करून घुमट बघायचा, आणि माणिकराव जरा लांब, खांबाला टेकून, आपण कुणीच नाही अशा चेहऱ्यानं उभे राहायचे.

त्यांची थोरली मुलगी रेवती हे बघत होती. बापाचा तिला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी आत कुठंतरी टोचतही होतं. असे मंडप पंचक्रोशीत उभे राहणं गेल्या काही वर्षांत जवळजवळ बंद झालं होतं, आणि त्याला कारण ती होती. निदान अप्पांचं तरी तसं म्हणणं होतं.

गावामागच्या माळावर सरकारचं वीजवेध केंद्र होतं आणि रेवती त्याची प्रमुख होती. ढगात वीज कशी तयार होते ते शाळेच्या पुस्तकात असतंच. मऊ गारा आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आपटतात. हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात, आणि मधली ओढ असह्य झाली की वीज कोसळते. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, जमिनीवरच्या यंत्राला त्याचं पोट कळतं, पण आत काय शिजतंय ते दोघांनाही नीट समजत नाही. त्यामुळं ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजा पडण्याची शक्यता’ असा निरोप उन्हाळाभर रोज सगळ्यांच्या मोबाइलवर यायचा आणि रोज सगळे तो पुसून टाकायचे.

मग शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं, की पहिली वीज पडायच्या अर्धा-पाऊण तास आधी ढगाच्या मध्यावर ऋण भाराचा एक पातळ पदर साकळतो. तो पदर जिथं फुगलेला असतो त्याच्या खालच्या शिवारात पहिल्या विजा उतरतात. मात्र पदर मोजायचा तर ढगात शिरायला हवं. धातूचं रॉकेट पाठवलं तर त्या धातूनंच आतलं विद्युतक्षेत्र बिघडतं, कधी तर वीजच ओढवून घेतली जाते. म्हणून कागदाचे शोधबाण आले. उसाच्या चिपाडापासून केलेल्या कागदाची लांब नळी, सावकाश जळणारं इंधन आणि डोक्यावर मोजमापाचा डबा. काम झालं की बाण कुठल्या तरी वावरात पडायचा आणि एका पावसात त्याचा लगदा व्हायचा.

डबा जाड असायचा आणि नळी बारीक. दोन्ही सांधायला मध्ये एक निमुळता भाग लागायचा. कारखान्याच्या कागदपत्रांत त्याला ट्रान्झिशन म्हणत. रेवती त्याला नरसाळं म्हणायची. शाळेत असताना ती जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची रॉकेटं करायची, तेव्हा आईनं पहिल्यांदा बघून विचारलं होतं, “हे नरसाळं कशाला केलंस गं, रॉकेल ओतायला?” तेव्हापासून ते नाव पडलं ते पडलंच.

शोधबाणांनी माणसं वाचत होती यात शंका नव्हती. पण त्यांचं दुसरंही एक फळ होतं. बाणानं लाल इशारा दिला की भोंगा वाजायचा आणि उघड्यावरची गर्दी उठवावी लागायची. भर पंगतीत भोंगा वाजायची धास्ती नको म्हणून लोक पक्क्या छताच्या मंगल कार्यालयांकडं वळले. माणिकरावांचे घुमट वखारीत पडून राहू लागले. त्यात गेल्या वैशाखात ऐन बाजाराच्या दिवशी रेवतीच्या केंद्रानं लाल इशारा दिला. बाजार उठला, आणि वीज पडली ती ओढ्यापलीकडच्या गायरानात, एका वाळक्या बाभळीवर. रेवतीला वाटलं, काम फत्ते झालं. गावाला वाटलं, बाजार फुकट गेला.

“बाभळीसाठी बाजार उठवला हिनं,” अप्पा म्हणाले होते. हसत म्हणाले होते, पण त्यानंतर त्यांनी घरात केंद्राचा विषय काढणंच सोडून दिलं.

कृत्तिकाचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी तालुक्याचं कार्यालय सुचवलं. अप्पांनी ऐकलं नाही. मंडपवाल्याची मुलगी दुसऱ्याच्या छताखाली उजवायची? व्याही भीमराव सोळंके मोठं प्रस्थ होतं. त्यांनाही थाट हवा होता, आणि मुहूर्त गोरजच हवा होता. रेवतीनं एकदाच सुचवून पाहिलं, “सकाळचा मुहूर्त घेतला तर? या दिवसांत ढग दुपारनंतर बांधतात.” अप्पांनी नुसतं तिच्याकडं पाहिलं. तिनं विषय सोडून दिला.

लग्नाच्या दिवशी दुपार कलली तेव्हा रेवती पैठणी नेसून पाहुण्यांना अत्तर लावत होती. केंद्रावर तिचा सहकारी अल्ताफ एकटा होता. त्याचा फोन आला.

“ताई, दुपारचा बाण गेला.”

“गेला म्हणजे?”

“माळाच्या वर जेमतेम चढला आणि मान मोडली. डबा एकीकडं, नळी एकीकडं. उरलेले दोन्ही बाण त्याच खेपेतले आहेत. नरसाळ्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडतोय. दमट हवेनं पार मऊ पडलेत.”

“आणि ढग?”

“तुम्हीच बाहेर येऊन बघा.”

रेवती मंडपाबाहेर आली. कापसाच्या जिनिंगच्या धुराड्यामागं, नैर्ऋत्येला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराफेक ढग वर वर उसळत होता. बुडाशी तो निळाकाळा पडला होता. मंडपातून सनईचा आवाज येत होता. आत दीड-दोन हजार माणसं होती, अजून वऱ्हाड यायचं होतं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर, उघड्या बाजारतळावर, लोखंडाचा तो उंच सांगाडा.

“अल्ताफ, एक डबा आणि एक नळी घेऊन इकडं ये. नरसाळं मी करते.”

“ताई, हातानं केलेला भाग नियमात बसत नाही, त्याला कारखान्याचा क्रमांक नसतो. विभागाचं केंद्र ते मोजमाप धरणारच नाही. आपोआप भोंगा वाजणार नाही.”

“भोंगा नाही वाजला तरी आपल्याला कळेल की नाही?”

“येतो,” अल्ताफ म्हणाला.

मंडपामागच्या सामानाच्या खोलीत रेवतीनं टेबल मोकळं केलं. सुतारी गोंद होता, झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या नळ्या होत्या, कातर, टाचण्या, पट्टी होती. फक्त कागद हवा होता. उरलेल्या लग्नपत्रिकांचा खोका तिला दिसला. पत्रिका भलत्याच जाड आणि ताठ होत्या. तिनं एक उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. कडेनं, नावांवर, गणपतीवर, सगळीकडं सोनेरी वर्ख. वर्ख म्हणजे धातू. बाणाच्या मानेभोवती धातू गुंडाळला तर मोजमाप खोटं येणार. दुसरी बघितली, आतला कागद बघितला. अप्पांनी पत्रिका अशी निवडली होती की तिच्यात बोटभरसुद्धा कागद वर्खावाचून नव्हता.

“रेऊ!” अप्पा दारात उभे होते. डोक्याला फेटा, कपाळावर घाम. “वरात वेशीपाशी आली. करवलीनं पुढं असायचं सोडून इथं काय करायलीस?”

तिनं सांगितलं. थोडक्यात आणि सरळ सांगितलं. बाण मोडला, ढग बांधतोय, आत काय आहे ते बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही, आणि बघायला नरसाळं पाहिजे.

अप्पांचा चेहरा कडक झाला. “आजच?”

“ढगाला आज लग्न आहे हे माहीत नाही, अप्पा.”

“आणि वर जाऊन तुझा बाण म्हणाला, की काही नाही, तर?”

“तर मी धावत येऊन अक्षता टाकेन. माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.”

बाहेर बँडचा आवाज जवळ आला होता.

“कसला कागद पाहिजे?”

“जाड. ताठ. वर्ख नको, प्लास्टिकचा थर नको.”

अप्पा वळले आणि निघून गेले. रागावून वरातीला सामोरे गेले असं तिला वाटलं. तेवढ्यात अल्ताफ मोटारसायकलवर डबा आणि नळी घेऊन पोचला. दोघं पुन्हा खोके उपसू लागले. मग अप्पा परत आले. त्यांच्या हातात दाराजवळची काचेची चौकट होती. त्यांनी ती टेबलावर पालथी घातली, मागचे खिळे पकडीनं उपटले आणि नकाशा बाहेर काढला.

“अप्पा, हा…”

“शाईत धातू नाही ना?”

“नाही.”

“मग घे. मंडप बाहेर उभा आहे. आता नकाशाचं काय काम?”

रेवतीनं कागद हातात घेतला. एका बाजूनं वाकवून पाहिला, मग दुसऱ्या बाजूनं. कागदालाही वळण असतं. ज्या बाजूनं तो सहज वाकतो त्या बाजूनंच त्याची गुंडाळी गोल बसते, नाहीतर पोचे येतात. तिनं खूण केली. नळीचा घेर मोजला, डब्याचा मोजला, मधली तिरकी उंची काढली. पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्या एका टोकाला टाचणी टोचली आणि दोन ठिकाणी पेन्सिलीपुरती भोकं पाडली.

“ही टाचणी घट्ट धरा,” ती अप्पांना म्हणाली.

फेटा बांधलेला वधूपिता टेबलावर वाकून टाचणी धरून उभा राहिला. रेवतीनं पट्टी फिरवली. एकाच केंद्रातून दोन कमानी उमटल्या, एक मोठी, एक लहान. दोन्ही बाजूंना तिनं सरळ रेघा मारल्या. कागदावर पंख्यासारखा एक तुकडा तयार झाला. त्याच्या आत अप्पांचे चार-पाच घुमट आले होते.

अप्पा त्या आकृतीकडं बघत राहिले. “अगं, हे तर घुमटाची पाकळी बेतणं आहे,” ते हळूच म्हणाले. “सपाट कापडातून गोल काढायचं. मी हेच करतो.”

“हेच,” रेवती म्हणाली. हात चालूच होते. “मी कुठून शिकले असं वाटलं तुम्हाला? लहानपणी वखारीत तुमच्या खडूच्या रेघांवरच खेळायचे की मी.”

अप्पांनी टाचणी आणखी घट्ट धरली.

तुकडा कापून झाल्यावर तिनं तो टेबलाच्या कडेवरून, एका हातानं दाबत आणि दुसऱ्यानं ओढत, पुन्हा पुन्हा काढला. ताठ कागद हळूहळू आपणहून वळू लागला. घडी नाही, चुणी नाही. मग जोड लावला. एकावर दुसरा थर चढवला, पण दुसऱ्याचा जोड पहिल्याच्या नेमका समोर ठेवला, म्हणजे दोन्ही दुबळ्या जागा एका बाजूला येणार नाहीत. कारखान्याच्या बाणात सगळा भार एकट्या नरसाळ्यावर असायचा. तिनं आतून एक बारीक नळी सरकवली आणि कागदाचे थर चिकटवून केलेल्या दोन कड्यांवर ती बसवली. आता वरचा धक्का नळी पेलणार होती आणि नरसाळ्याला नुसतं वाऱ्याला वाट द्यायची होती.

“गोंद वाळायला वेळ लागेल,” अल्ताफ म्हणाला.

“कृत्तिकाकडं केस वाळवायचं यंत्र असेल. घेऊन येते.”

शेजारच्या खोलीत कृत्तिका मुंडावळ्या बांधून बसली होती. ताईच्या पैठणीवर गोंद बघून ती घाबरली. “ताई, खरंच पडणार आहे वीज?”

“माहीत नाही. तेच बघायला पाठवतेय.”

कृत्तिकानं स्वतःच यंत्राची वायर उपटून तिच्या हातात दिली. “मग माझ्याकडं काय बघतेस? पळ.”

गोंद वाळला. कडांना तिनं झटपट गोंद चोळला, तशा त्या नखानं वाजवल्या तर टणटण वाजू लागल्या. नरसाळं नळीवर बसलं, डबा नरसाळ्यावर बसला. रेवतीनं बाण डोळ्यासमोर आडवा धरून एक डोळा मिटून पाहिला. सरळ. आयुष्यात तिनं कितीतरी नरसाळी केली होती, पण इतकं देखणं एकही नाही. निळ्या-तांबड्या शाईतले घुमट त्याच्याभोवती गोल फिरले होते. तिला वाटलं, दोन घटका हे नुसतं हातात घेऊन बसावं.

“चला ताई,” अल्ताफ म्हणाला.

माळावर वारा पडला होता. ढगानं उन्हाला झाकून टाकलं होतं. त्यांनी बाण सोडायच्या उभ्या रुळावर चढवला, आत जाऊन दार लावलं, आणि रेवतीनं कळ दाबली.

बाण निघाला. पहिल्या बाणाची मान जिथं मोडली होती ती उंची त्यानं ओलांडली, तेव्हा अल्ताफनं मूठ आवळली. रेवती पडद्याकडं बघत होती. बाण डगमगला नाही, भिरभिरला नाही, सुतासारखा वर जात राहिला आणि ढगात शिरला. एकेक आकडा येऊ लागला. क्षेत्र वाढत होतं, वाढत होतं, मग एकदम उलटं झालं, मग पुन्हा वाढलं. पदर होता. चांगला जाड होता, आणि त्याचा फुगवटा सरकत सरकत जिनिंगवरून गावाकडं, बाजारतळाकडं येत होता.

पडद्यावर खाली ओळ उमटली : भाग अप्रमाणित, इशारा रोखला आहे. भोंगा गप्पच राहिला.

रेवतीनं फोन लावला. मागं बँड, हसणं, लहान मुलांचा गलका. अप्पा बाजूला येऊन बोलले.

“बोल.”

“अप्पा, यंत्रानं इशारा रोखलाय, पण आकडे…”

“यंत्राचं राहू दे. नरसाळं टिकलं?”

“टिकलं.”

“तू काय म्हणतेस?”

तिनं डोळे मिटले. सनई ऐकू येत होती. चूक निघाली तर अप्पांना या गावात मान वर करता येणार नाही, व्याह्यांसमोर तर नाहीच. आणि तिलाही.

“मी म्हणते, माणसं हलवा. सगळी. आत्ता.”

फोन बंद झाला. थोड्या वेळानं गावाकडून मंडपाच्या कर्ण्याचा आवाज माळावर ऐकू येऊ लागला. बँड थांबला होता. अप्पांचा आवाज होता, रोजच्यासारखाच, सावकाश.

“मंडळी, माणिक रोडगे बोलतोय. जेवणं राहू द्या, सामान राहू द्या. पोरंबाळं, म्हातारी माणसं पुढं घाला आणि समोरच्या जिनिंगच्या गोदामात चला. धावू नका. वीज येणार आहे.” मग कुणीतरी काहीतरी म्हणालं असावं, कारण आवाज चढला. “भोंगा वाजला नाही, माहीत आहे मला. माझ्या मुलीनं सांगितलंय. सोळंके साहेब, मुहूर्त आपण बघू, आधी माणसं बघू. चला!”

नंतर आवाज तुटला. वीजपुरवठा बंद केला होता.

पाऊस आडवा आला. माळावरून गाव दिसेनासं झालं. केंद्राबाहेर पाऊल टाकणं वेडेपणा होता. फोन लागत नव्हता. गोदाम मोठं होतं, छत पक्कं होतं, वर वीजरोधक होता, हे रेवतीला माहीत होतं. पण किती जण पोचले, किती जण मुहूर्तासाठी अडून बसले, हे कळायला मार्ग नव्हता. ती खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून उभी राहिली.

मग सगळं पांढरं झालं. आवाज उजेडाच्या मागोमाग आला, जमिनीतून आला. पावसाच्या पडद्याआड, जिथं मंडपाचा मधला घुमट असायला हवा होता तिथं, नारिंगी जाळ उभा राहिला. लगेच दुसरी वीज त्याच सांगाड्यावर उतरली.

“या अल्ला,” अल्ताफ पुटपुटला.

रेवतीनं पुन्हा फोन लावून पाहिला. लागला नाही.

गडगडाट लांब गेल्यावर दोघं चिखलातून गावात आले. मंडप जळून विझला होता. काळ्या कैच्या उघड्या पडल्या होत्या, दुधी कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या. बोहल्याच्या जागी खुर्च्यांचा वितळलेला ढीग होता. तिथं माणूस नव्हता. एकही नव्हता.

गोदामाच्या दारात माणिकराव उभे होते. फेटा भिजून खांद्यावर आला होता. ते मंडपाकडंच बघत होते.

“सगळे आहेत,” लेकीला बघताच ते म्हणाले. “दोनदा फिरून बघितलं. म्हातारा केरबा जेवणाच्या ताटावरून उठत नव्हता, त्याला ताटासकट उचलून आणला.”

“अप्पा, मंडप…”

“असू दे. मंडप पुन्हा उभा करता येतो.” त्यांनी मंडपाकडं पाठ केली. “चल. तुझ्यासाठी थांबलोय.”

“मुहूर्त तर कधीच गेला असेल.”

कापसाच्या गाठींच्या रांगेतून भीमराव सोळंके पुढं आले. अंगावरचा जरीचा कोट ओला होता, चेहरा पांढरा पडला होता. मघाशी याच माणसानं सगळ्यांसमोर अप्पांचा हात धरून अडवलं होतं, हे रेवतीला नंतर कळलं. “मुहूर्त धरून बसलो असतो तर माझा मुलगा त्या वेळी तिथं उभा असता,” त्यांनी मंडपाकडं बोट केलं. “भटजींना म्हणालो, या पोरीला येऊ द्या. ती आली की तोच मुहूर्त.”

कापसाच्या गाठींचा बोहला झाला. सतरंजीचा अंतरपाट झाला. मंगलाष्टकं पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात निम्मी बुडाली, तरी शेवटच्या ‘सावधान’ला अख्खं गोदाम ओरडलं. कृत्तिकानं हार घालायच्या आधी गर्दीत ताईला शोधलं आणि ती दिसल्यावरच मान पुढं केली. अक्षता टाकताना रेवतीच्या बोटांना सुकलेल्या गोंदामुळं तांदूळ चिकटत होते.

विभागाच्या केंद्रानं चौकशी लावली. अप्रमाणित भाग का वापरला, याचा खुलासा मागवला. रेवतीनं मोडलेलं नरसाळं, मऊ पडलेली दोन आणि आपली आकृती, सगळं टेबलावर नेऊन ठेवलं. महिनाभरात ती सगळी खेप परत गेली. पाठोपाठ नवा आदेश आला, की प्रत्येक केंद्रानं हातानं नरसाळं करायला शिकावं, आणि शिकवायचं रेवती रोडगेनं.

पहिला वर्ग शेलवडीलाच भरला. मंडप अर्थात माणिकरावांनी घातला, बांबूचा आणि कापडाचा, लोखंडाचा एक खिळा नसलेला. असे मंडप त्यांनी आता गोदामांच्या आणि शाळांच्या पक्क्या छताला जोडून उभे करायला सुरुवात केली होती, म्हणजे इशारा आला तर माणूस चार पावलांत आत. त्याला मागणीही येत होती. जिल्ह्याभरातून केंद्रांची माणसं आली. अप्पा सगळ्यांच्या मागं, शेवटच्या सतरंजीवर बसले. कुणी बसवलं नव्हतं, आपणहून बसले, आणि समोर कागद ओढून घेतला.

रेवती एकेकाचं नरसाळं बघत शेवटच्या रांगेपर्यंत आली. अप्पांनी आपलं पुढं केलं. तिनं डोळ्यासमोर धरून पाहिलं. एका बाजूला हलकासा पोचा होता.

“कापडासारखी ओढ दिलीत,” ती म्हणाली. “कापड ऐकून घेतं, कागद नाही ऐकत. पुन्हा करा.”

सगळ्यांचे हात थांबले. तालुक्यात माणिक रोडग्यांचं बेतणं चुकलं असं तोंडावर सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. अप्पांनी नरसाळं तिच्या हातातून घेतलं, चुरगळून बाजूला टाकलं आणि नवा कागद पुढं ओढला. मग शेजारच्या, परगावाहून आलेल्या तरुणाकडं झुकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजले,

“बाई कडक आहेत. माझीच मुलगी आहे.”